१९ दिवसांच्या बाळाने कोणतं स्वातंत्र्य वापरलं?

वहीवाली

लांबलचक लिहिते आहे. थोडक्यात लिहून पाहिलं, जमलं नाही.

माझा मुलगा १९ दिवस जगला. त्याच्या हृदयाची डावी बाजू वाढलीच नव्हती. साऱ्या अंगाला रक्त पोचवणारा कप्पा असतो ना, तोच जवळजवळ नव्हता. सहाव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. पुढचे १३ दिवस तो नळ्यांच्या जंजाळात आणि मी काचेच्या बाहेर. आता सात महिने होतील.

मी ख्रिस्ती घरात जन्मले, वाढले. बाळासाठी आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चमधल्या लोकांनी, तासातासाने वाटून साखळी प्रार्थना धरली होती. रात्री तीन ते चार हा तास माझ्या नवऱ्याकडे असायचा. बाळ गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात प्रार्थनागटातल्या एक बाई घरी आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "कबूल न केलेलं काहीतरी पाप घरात राहिलं असेल. शोधून काढ, म्हणजे पुढचं मूल सुखरूप होईल." अगदी मायेने बोलल्या. रागाने बोलल्या असत्या तर मी झटकून टाकलं असतं.

मी शोधलं. बाळाचं हृदय गर्भातल्या पहिल्या आठ आठवड्यांत घडतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी एक वही घेतली आणि त्या आठ आठवड्यांतली माझी पापं लिहून काढली. १७ निघाली. घरीच असताना बहिणीला फोनवर 'बाहेर आहे' म्हणून सांगितलं होतं. बरोबरीच्या एकीला बढती मिळाली, तेव्हा माझ्या पोटात दुखलं होतं. अकरावं असं आहे: दिवस गेल्याचं कळलं त्या सकाळी मनात पहिल्यांदा आलं ते 'आत्ताच कशाला?' ती ओळ लिहिल्यावर दोन दिवस मी वहीला हात लावला नाही.

पाळकांना विचारलं. ते म्हणाले, देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं, माणसाने त्याचा दुरुपयोग केला आणि त्यातून जगात दुःख आलं. हे उत्तर मी स्वतः कितीतरी जणांना दिलं आहे, संडे स्कूलच्या मुलांनाही. युद्ध, खून, फसवणूक यांना ते लागू पडतं, कारण तिथे कुणीतरी काहीतरी ठरवून केलेलं असतं. माझ्या मुलाच्या हृदयाच्या बाबतीत कुणी काय ठरवलं? पेशींना इच्छा नसते.

आणखी एक खुपतं आहे. स्वर्गात पाप नसेल असं आपण मानतो. मग तिथे आपण स्वतंत्र असू की नसू? स्वतंत्र असूनही पाप न करणारी माणसं तिथे असू शकतात, तर देवाने सुरुवातच तशी का केली नाही?

आणि बाळाचा बाप्तिस्मा राहिला. शस्त्रक्रिया झाली की करू, असं आम्ही म्हणत होतो.

'विश्वास ठेव' असं लिहू नका. ठेवलेला आहे, म्हणूनच विचारते आहे.

विश्वासात_स्थिर

देव ज्यांच्यावर प्रीती करतो त्यांचीच परीक्षा घेतो. त्याची योजना आपल्याला आज कळत नाही. एक दिवस कळेल. तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

तर्क_शिकवायचो

२६ वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. ताई, तुमचा स्वर्गाबद्दलचा प्रश्न या वादातल्या सर्वांत भक्कम आक्षेपाच्या अगदी जवळचा आहे. जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९५५ साली तो असा मांडला: एखाद्या वेळी माणूस आपखुशीने चांगलं निवडू शकतो, तर प्रत्येक वेळी आपखुशीने चांगलंच निवडणारी माणसं घडवायला सर्वशक्तिमान देवाला काय अडचण होती?

त्याचं सर्वांत गाजलेलं उत्तर ॲल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये दिलं. माणूस स्वतंत्र ठेवायचा, तर तो काय निवडणार हे देवाच्या एकट्याच्या हातात राहत नाही. 'अमक्याने स्वतःहून चांगलंच निवडावं' हे देवच घडवून आणू लागला, तर त्यातलं 'स्वतःहून' उरत नाही. म्हणजे असं जग निव्वळ देवाच्या सामर्थ्यावर निर्माण होणारं नाही. देव आहे आणि दुष्टताही आहे, या दोन विधानांत तार्किक विसंगती नाही, एवढं यातून सिद्ध होतं, असं बहुतेक तत्त्वज्ञ मानतात.

पण सिद्ध होतं ते एवढंच. प्लँटिंगा याला 'बचाव' म्हणतात, 'समर्थन' म्हणत नाहीत. देवाने दुःख का राहू दिलं याचं खरं कारण आपल्याला ठाऊक आहे, असा त्यांचा दावाच नाही. आजार आणि भूकंप यांच्याबद्दल त्यांनी सुचवलेली शक्यता अशी, की माणसाखेरीज इतर स्वतंत्र आत्मिक शक्तींच्या निवडीचा तो परिणाम असू शकेल. तर्कापुरती ती चालते. वर्गात हे शिकवताना मुलं माझ्याकडे पाहत राहायची आणि मलाही फळ्याकडे वळावंसं वाटायचं. ज्याचं माणूस गेलं आहे त्याला या युक्तिवादापेक्षा सोबतीची, आध्यात्मिक आधाराची गरज असते, हे त्यांनी त्याच पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

स्वर्गाबद्दल चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने एक भेद केला आहे. पाप न करणं शक्य असणं हे पहिलं स्वातंत्र्य, आदामाचं. पाप करणंच शक्य नसणं हे शेवटचं, आणि ते अधिक मोठं. कारण देव स्वतः पाप करू शकत नाही, म्हणून तो परतंत्र आहे असं कुणी म्हणत नाही. मग शेवटचं आधीच का दिलं नाही? दुसऱ्या शतकातल्या लियॉनच्या इरेनियसच्या लिखाणातून याचं एक उत्तर निघतं: माणूस लेकरासारखा अपरिपक्व घडवला गेला, त्याने वाढत वाढत तिथवर पोचायचं आहे. हातात आयती ठेवलेली प्रौढता ही प्रौढता नव्हे.

वहीवाली

सर, तुम्ही जिथे थांबलात तिथे थांबलात, त्याबद्दल आभार. पण वाढत वाढत पोचायचं असेल तर वाढायला दिवस लागतात. त्याला १९ मिळाले.

@विश्वासात_स्थिर, प्रार्थनेबद्दल खरंच आभारी आहे. पण परीक्षा माझी असेल तर मेला तो का? माझ्या परीक्षेचा कागद म्हणून देवाने त्याला वापरलं, हे मला मानता येत नाही. तो स्वतः कुणीतरी होता.

आता_न_मानणारा

मी दहा वर्षांपूर्वी श्रद्धा सोडली. तुम्हीही सोडावी, असं सांगायला आलेलो नाही. एवढंच म्हणायचं आहे की तुमचा प्रश्न चुकीचा नाही, आणि तो एकट्या तुम्हालाच पडलेला नाही.

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. लिस्बनमधली चर्चं सकाळच्या उपासनेला भरलेली होती, तेव्हा भूकंप झाला. चर्चं माणसांवर कोसळली. जी माणसं मोकळी जागा म्हणून किनाऱ्याकडे धावली, त्यांच्यावर समुद्र चालून आला. उरलेलं शहर बरेच दिवस जळत राहिलं. हे जग शक्य असलेल्या जगांतलं सर्वोत्तम आहे, असं लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाने १७१० मध्ये मांडलं होतं. लिस्बननंतर ते वाक्य सहजपणे उच्चारणं युरोपला जड गेलं.

माझं अडलं ते मात्र भूकंपापाशी नव्हे. माझं अडलं ते साक्षींपाशी. दर आठवड्याला कुणीतरी उठून सांगायचं की प्रभूने मला बरं केलं, प्रभूने अपघातातून वाचवलं. म्हणजे देव हात घालतो. आणि एकदा हात घालतो असं म्हटलं, की 'स्वातंत्र्याचा मान राखण्यासाठी तो मध्ये पडत नाही' हे म्हणता येत नाही. तुमच्या मुलाची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं असतं, तर कुणाचं स्वातंत्र्य भंगलं असतं?

याचं उत्तर मला कुणी दिलं नाही. 'प्रश्न विचारू नकोस' असं मात्र पुष्कळांनी सांगितलं, आणि मी बाहेर पडलो तो त्यामुळेच जास्त.

सेमिनरी_तिसरे_वर्ष

ताई, वहीबद्दल वाचलं तेव्हापासून मन त्या वहीतच आहे, म्हणून आधी तेवढंच.

त्या बाई जे बोलल्या ते पवित्र शास्त्रात आहे, पण ते बोलणारे कोण, ते पाहा. ईयोबाचे मित्र. ईयोब म्हणजे मुलंबाळं आणि सारी संपत्ती गमावलेला निर्दोष माणूस, आणि हे त्याचं सांत्वन करायला आलेले अलीफज, बिल्दद आणि सोफर. तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, तूच काहीतरी लपवत असशील, असं ते अध्यायामागून अध्याय ऐकवत राहतात. ईयोब देवाशी भांडतो, देवावर अन्यायाचा आरोप करतो. आणि शेवटी, ४२व्या अध्यायात, देव अलीफजला म्हणतो की माझा तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर राग आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाही. देवाची बाजू घेणाऱ्यांवर देव रागावला. त्या मित्रांनी योग्य अशी एकच गोष्ट केली, ती अगदी सुरुवातीला: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात येशूचे शिष्य तर तोच प्रश्न विचारतात. हा माणूस आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळे, ह्याच्या की ह्याच्या आईबापांच्या? येशू म्हणतो, ह्यानेही पाप केलं नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही. पुढे 'देवाची कार्यं प्रकट व्हावीत म्हणून' असं येतं. ते वाक्य मलाही टोचतं, ते लपवत नाही. मूळ ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं नव्हती. त्यामुळे काही अभ्यासक तिथे पूर्णविराम देऊन पुढचं असं वाचतात: देवाची कार्यं प्रकट व्हावीत म्हणून आपल्याला दिवस आहे तोवर काम केलं पाहिजे. हे वाचन सर्वमान्य नाही, पण येशूने पुढच्याच क्षणी केलं ते कामच, त्या आंधळ्याला दृष्टी दिली. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असं तुम्हाला वाटतं काय? मी सांगतो, नव्हती. तो लगेच ऐकणाऱ्यांना पश्चात्तापासाठी बजावतो, हे खरं. पण बजावतो ते जिवंत उभे असलेल्यांना. मेलेल्यांची झडती तो घेत नाही.

आता मूळ पाप, म्हणजे पहिला माणूस आदाम याच्या पापाचा सगळ्यांना मिळालेला वारसा. नव्या करारात पापासाठी हामार्तिया हा ग्रीक शब्द येतो, हिब्रूत 'हाता'. दोन्हींच्या मुळाशी नेम चुकणं आहे. शास्ते २०:१६ मध्ये ७०० डावखुरे गोफणदार आहेत, केसावर नेम धरला तरी न चुकणारे. तिथलं 'चुकणं' आणि 'पाप करणं' हे हिब्रूत एकच क्रियापद आहे. नेम चुकायचा तर आधी कुणीतरी नेम धरायला हवा. तुमच्या बाळाने गोफण हातातच घेतली नव्हती.

मग आदामाचं काय? इथे ख्रिस्ती परंपरा एकमुखी नाही, आणि हे मंडळीत क्वचितच सांगितलं जातं. प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्र ५:१२ च्या शेवटी ग्रीकमध्ये साधारण 'कारण सर्वांनी पाप केलं' असा अर्थ निघतो. ऑगस्टीनपुढे जे लॅटिन भाषांतर होतं त्यात 'ज्याच्यात सर्वांनी पाप केलं' असं वाचता येत होतं. आदामाच्या ठायी आपण सगळेच होतो आणि त्याचा दोषही जन्मतःच आपल्याला लागतो, या विचाराला त्या वाचनाचा मोठा आधार मिळाला. पेलाजियस याच्या उलट टोकाला होता, माणूस स्वबळावर निष्पाप राहू शकतो म्हणणारा. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने त्याची शिकवण धिक्कारली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या मात्र आजही म्हणतात की आदामाकडून आपल्याकडे आलं ते मरण आणि मोडकेपण; अपराध ज्याचा त्याचा. यहेज्केल १८ही तेच म्हणतो: मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. हृदयाची अर्धी बाजू न वाढणं हे त्या मोडकेपणात येतं. सारी सृष्टी कण्हत आहे, असं पौल रोम ८ मध्ये लिहितो तेही हेच. कण्हणं ही शिक्षा नव्हे.

बाप्तिस्म्याबद्दल. बाप्तिस्मा न झालेल्या बाळांबाबत ऑगस्टीन कठोर होता. ती शिक्षेलाच जातात, फक्त ती सर्वांत सौम्य असते, असं त्याचं मत. त्याच्याच परंपरेतल्या कॅथलिक चर्चने ते मत धर्मशिकवण म्हणून धरलेलं नाही. १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवलं आहे. 'बालकांना माझ्याकडे येऊ द्या' हे येशूचं वाक्यही तिथेच उद्धृत केलं आहे. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने या एकाच प्रश्नावर मोठा दस्तऐवज काढला. त्यांच्या तारणाची आशा धरायला गंभीर आधार आहेत, असा त्याचा निष्कर्ष. तुमची मंडळी कोणती ते मला माहीत नाही. माझी प्रोटेस्टंट आहे आणि तिथेही मी हीच आशा धरतो.

@आता_न_मानणारा, साक्षींबद्दलच्या तुमच्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं काहीतरी, देवाने काढावा म्हणून तीनदा विनंती केली. तो निघाला नाही. साक्षींच्या वेळी हाही परिच्छेद वाचला जावा, असं मला मनापासून वाटतं.

उशिरा_आलेला

इथे नुसता वाचतो, लिहीत नाही. ताईंची वही वाचून लिहितो आहे.

१४ वर्षांपूर्वी मी पिऊन गाडी चालवली आणि एका सायकलवाल्याला उडवलं. तो वाचला, पण त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी शिक्षा भोगली. तुरुंगातल्या पुस्तकांत मला इरॅस्मस हा विद्वान आणि प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर यांचा वाद सापडला. इरॅस्मसने १५२४ मध्ये लिहिलं की माणसाच्या इच्छेला थोडीतरी ताकद आहे, नाहीतर देवाच्या आज्ञांना काय अर्थ? पुढच्या वर्षी ल्यूथरने उलट लिहिलं. माणसाची इच्छा म्हणजे स्वारीचं जनावर, देव बसला तर देव नेईल तिकडे जाईल, सैतान बसला तर सैतान नेईल तिकडे. मी ते वाचलं आणि म्हटलं, हा माणूस मला ओळखतो. दारूच्या बाबतीत मी तसंच जनावर होतो. जे चांगलं करावंसं वाटतं ते करत नाही आणि जे वाईट करावंसं वाटत नाही तेच करतो, असं पौल म्हणतो. ते मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

पण त्या रात्री असं झालं होतं. पार्किंगमध्ये माझ्या मित्राने हात पुढे केला आणि म्हणाला, चावी दे. हात तसाच धरून उभा राहिला. चार-पाच सेकंद असतील. तेवढ्या वेळात मी चावी देऊ शकत होतो. मला पक्कं माहीत आहे, कारण माझी बोटं सैल झाली होती. मग मी त्याचा हात झटकला. दारूची सवय ल्यूथरच्या हिशेबात जाईल. ते चार-पाच सेकंद नाही जाणार. ते माझे आहेत.

देवाने मला का थांबवलं नाही, असं मी बरीच वर्षं विचारत होतो. आता मला वाटतं की थांबवत होता, तो हात त्याचाच होता. पण ज्याचा पाय गेला त्याला हे मी कधी बोललेलो नाही आणि बोलणारही नाही. देवाने माझ्यापुढे हात केला आणि मी झटकला, याची किंमत त्याने का द्यावी? इच्छास्वातंत्र्याच्या उत्तरात माझा हिशेब लागतो, त्याचा लागत नाही. देव ते स्वातंत्र्य मला देत होता तेव्हा त्या माणसाला कुणी विचारलं होतं का?

ताई, माझ्याकडे खरं पाप आहे, त्यामुळे त्याची चव मला ठाऊक आहे. तुमच्या वहीतली अकरावी ओळ पाप नाही. दचकलेल्या माणसाच्या मनात पहिल्यांदा जे येतं ते आहे ते. तुम्ही कुणाचा हात झटकला नाहीत. तुम्ही १३ दिवस काचेबाहेर उभ्या होतात.

वहीवाली

सगळ्यांचं दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. दादा, तुमचं वाचताना तो उठून आत गेला आणि बऱ्याच वेळाने आला. आल्यावर म्हणाला, तीन ते चारच्या त्या तासात मी शेवटी शेवटी प्रार्थना करत नव्हतो, नुसता जागा असायचो. सात महिन्यांत त्याने हे मला सांगितलं नव्हतं. त्याला ते त्याचं पाप वाटत होतं.

सरांचा बचाव मला समजला आणि तो कुठवर जातो तेही समजलं. साक्षींवरचा आक्षेप मला खोडता येत नाही. तो मी सोबत ठेवणार आहे. देव दुःख का राहू देतो, हे मला आजही माहीत नाही. पण मेलेल्या लाजराच्या थडग्यापाशी, आपण त्याला पुन्हा जिवंत करणार हे माहीत असूनही येशू रडला, हे मी लहानपणी सर्वांत छोटं वचन म्हणून पाठ केलं होतं. सोपं म्हणून. वधस्तंभावर तर त्याने 'का' असंच विचारलं, २२वं स्तोत्र म्हणत, आणि त्या क्षणी त्याला उत्तर मिळाल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मीही 'का' विचारू शकते, एवढं मला त्यातून कळलं. सात महिने मी ते विचारायला घाबरत होते.

सेमिनरीवाल्या भावाने सांगितलं म्हणून ईयोबाचा शेवट काढला. मला तो कधीच आवडला नाही, सगळं दुप्पट मिळतं आणि गोष्ट संपते म्हणून. या वेळी वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहीत वाचला. मेंढरं ७,००० होती, १४,००० झाली. उंट ३,०००चे ६,०००. बैलांच्या ५०० जोड्यांच्या १,०००. गाढवी ५००च्या १,०००. मुलं मात्र आधी सात मुलगे आणि तीन मुली, आणि नंतरही सात मुलगे आणि तीन मुली. दुप्पट नाहीत.

मी पुन्हा मोजलं. आधीचे दहा अजून मोजणीत आहेत असं धरलं, तरच ती दुप्पट होतात.